पाहुण्यांसाठी चाळलेली जमीन

सेंदाईहून परत आल्यावर पुण्याला आत्याला फोन केला. तिने आधी विचारलं, तिथे खायला काय मिळालं. ते सांगून झाल्यावर विचारलं, गेली कशाला होतीस. मी म्हटलं, भूसुरुंगांसाठी. तिने तो शब्द परत म्हणायला लावला. मग म्हणाली, "जपानात सुरुंग आहेत?"

जपानात नाहीत. सुरुंग कंबोडियात आहेत. तिथलं युद्ध केव्हाच संपलं, पण जमिनीखाली पेरलेले सुरुंग कुणी परत काढून नेले नाहीत. ते शोधायचं हातात धरायचं यंत्र सेंदाईच्या विद्यापीठात तयार होतंय आणि त्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर जे चित्र दिसतं, त्याचं सॉफ्टवेअर टोकियोतल्या आमच्या कंपनीत. आत्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दुखणं एकाचं, औषध दुसऱ्याचं आणि पुडी बांधणारी तू." इतक्या थोडक्यात आमचा प्रकल्प आमच्या साहेबांनाही कधी मांडता आला नव्हता.

माझी नोकरी टेस्टरची. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात वाढलेल्या माणसाला याहून सुखाची नोकरी नसेल. त्या वर्षांत कॉम्प्युटरवाले इतके लोक जपानला आले होते की टोकियोत फुनाबोरीला आमच्या इमारतीत संध्याकाळी जिन्यावर फोडणीचा वास यायचा आणि शेजारच्या जपानी आजी नाकाला रुमाल न लावता चढायला शिकल्या होत्या. नवरा बँकेच्या नोकरीवर, मुलगी इरा पहिलीत. मी मराठीत ओरडायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर. वैशंपायन हे आडनाव ऑफिसात कुणाच्या तोंडात मावेना, म्हणून मी वै-सान. सान म्हणजे आपलं राव किंवा बाई.

तर ऑक्टोबरात एक दिवस माझे साहेब इशिदा-सान म्हणाले, सेंदाईला चला. कंबोडियाहून सुरुंग काढणाऱ्या तुकडीची प्रमुख येतेय. तिने यंत्र पसंत केलं तर ते याच हिवाळ्यात तिच्या गावी जाईल. इराला आणि तिच्या डब्यांना नवऱ्याच्या हवाली करून मी निघाले.

पहिला दिवस, डोंगरावर

सेंदाई हे शांत, झाडांचं गाव आहे. टोकियोत माणसं पळतात, इथे सायकलवरून जातात. विद्यापीठ डोंगरावर. बस वळणं घेत चढते आणि प्रत्येक वळणावर झाडं जरा जास्त लाल होतात. स्टेशनवर इशिदा-साननी मला इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणून भाजलेली बैलाची जीभ दाखवली. मी हात जोडले. मग त्यांनी झुंदा-मोची आणून दिली. कोवळ्या सोयाबीनचे हिरवे दाणे वाटून, साखर घालून, तांदळाच्या मऊ गोळ्यावर थापलेले. हिरवं पुरण म्हणा ना. मी दोन खाल्ल्या, तिसरी पिशवीत ठेवली.

प्रयोगशाळेचे प्रमुख कुराता-सेन्सेई, म्हणजे कुराता सर, साठीच्या आसपासचे, उंच, किंचित वाकलेले. पाहुणीला आणायला ते स्वतः स्टेशनवर गेले होते. पाहुणी म्हणजे चान्थू. माझ्याच वयाची, बुटकी, हसरी, मनगटं सुतारासारखी भक्कम. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलायचो, पण सूर पहिल्या चहापासून असा जुळला की इथे मराठीत लिहिताना तिला अगंतुगंच करायला हवं.

तिच्या गावातल्या शाळेचा फोटो तिने दाखवला. शाळा चालू आहे, मुलं येतात. पण फाटकापासून वर्गापर्यंत लाल-पांढऱ्या खुंट्यांमधली एक पट्टी तेवढी मोकळी. मुलांनी रांगेत यायचं, रांगेत जायचं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना पटांगण आहे आणि त्यावर कुणीही पाय ठेवत नाही. गवतात चार-पाच चेंडू दिसत होते. उडून पलीकडे गेलेले, कुणी आणायला न गेलेले. त्या शाळेत तिची भाचीही शिकते.

तिच्या तुकडीकडचं जुनं यंत्र धातू आला की वाजतं. खिळा असो, बाटलीचं झाकण असो की सुरुंग, त्याला सगळं सारखंच. वाजलं की गुडघ्यावर बसायचं, बारीक सळई तिरकी खुपसत, मूठ-मूठ माती काढत जायचं आणि शेवटी हातात खिळा यायचा. या गतीने पटांगणाला आणखी दोन-तीन हिवाळे लागले असते. नवं यंत्र जमिनीखालच्या वस्तूचं चित्र दाखवतं, त्यामुळे खिळ्यापाशी बसावं लागत नाही. चित्र खरं निघालं तर पाऊस सुरू व्हायच्या आत पटांगण मोकळं होणार होतं. चान्थू त्यासाठी आली होती.

प्रयोगशाळेच्या मागे छपराखाली मातीचा मोठा हौद होता, त्यात नकली सुरुंग पुरलेले. माती इतकी सुरेख की मला त्यात बसून भातुकली खेळावीशी वाटली. सेन्सेईंच्या विद्यार्थ्यांनी पाहुणी येणार म्हणून आठवडाभर ती माती चाळली होती. खडे, मुळं, काडीकचरा सगळं काढलेलं, वर दाताळ्याने सरळ रेघा ओढलेल्या. यंत्र फिरलं आणि पडद्यावर एकेक सुरुंग चकलीच्या ताटातल्या चकलीसारखा गोल उमटला. सगळे सापडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चान्थू वाकली आणि म्हणाली, फार सुंदर आहे. सेन्सेईंचे कान लाल झाले.

दुसरा दिवस, नदीकाठी

सेंदाईत शरद ऋतूत नदीकाठी इमोनी करायची रीत आहे. ऑफिसं, कॉलेजं, शेजारपाजार, सगळे नदीच्या वाळवंटात जातात, दगडांची चूल मांडतात आणि मोठ्या पातेल्यात अळकुड्यांचं कालवण रटरटवतात. आपल्याकडे लग्नात अळूचं फदफदं असतं, त्यातली पानं आपण खातो. यांनी कंद पकडला आहे. काठावर पन्नास चुली तरी पेटल्या असतील. आमच्या पाहुणीसाठी सेन्सेईंनी रविवारी हा बेत ठेवला होता आणि माझ्यासाठी डुकराचं मांस नसलेलं वेगळं पातेलं.

अळकुड्या सोलायला आम्ही बसलो. मी सगळ्यांना सांगितलं की हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटेल. चान्थूने मान डोलावली आणि तेलाची बाटली माझ्या आधी उचलली. इशिदा-सान म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, आणि कोरड्या हातांनी बसले. मग तासभर ते व्हिनेगरच्या वाडग्यात बोटं बुडवून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तशाच अवस्थेत वाकून नमस्कार करत होते.

सोलता सोलता मी चान्थूला विचारलं, यंत्र कधी नेणार. ती हसली. हे हसणं मी टोकियोत बरंच पाहिलंय. त्याचा अर्थ होकार असतो असं धरून चालणाऱ्यांचे प्रकल्प बुडतात. मी परत विचारलं. पुण्याच्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायची लाज नसते.

ती हातातल्या अळकुडीकडे बघत म्हणाली, "आमची जमीन कुणी पाहुण्यांसाठी चाळून ठेवलेली नाही."

मग तिने सांगितलं. तिच्याकडे माती म्हणजे मुळांचं जाळं, वारुळं, लाल खडे, गोळ्यांच्या पुंगळ्या, पत्रे. त्यात हे यंत्र काय करेल हे कालच्या हौदावरून कळतच नाही. मग बोलली का नाहीस, मी म्हटलं. ती म्हणाली, कसं बोलू. इतका मोठा माणूस, वयाने मोठा, स्टेशनवर न्यायला आला, यंत्र फुकट देतोय. ती आभार मानून यंत्र नेणार होती आणि कपाटात ठेवून जुन्याच यंत्राने काम करणार होती. म्हणजे पटांगणाला परत दोन-तीन हिवाळे.

मी उठून इशिदा-सानकडे गेले. त्यांनी बोटं वाडग्यातून न काढता ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुद्दा बरोबर आहे, पण तो असा मांडायचा नसतो. आधी सेन्सेईंच्या सहायकाला सांगायचं, सहायक योग्य वेळ बघून त्यांच्या कानावर घालेल, पुढच्या आठवड्यात. पण चान्थू मंगळवारी जाणार होती. एकीकडे कंबोडियाची भीड, दुसरीकडे जपानची भीड, आणि आमच्याकडे तर लहानपणीच शिकवतात की भीड ही भिकेची बहीण. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर जायचंच कशाला.

मी सेन्सेईंच्या समोर जाऊन बसले. हातात कालवणाचा वाडगा होता, तो खाली ठेवायचंही सुचलं नाही. म्हटलं, "सेन्सेई, कालची परीक्षा खोटी झाली. माती फार स्वच्छ होती. चान्थू-सानच्या गावची जमीन या नदीकाठासारखी आहे. यंत्र इथे चालवून बघू या."

आजूबाजूचे लोक अळकुड्या चावायचे थांबले. इशिदा-सान आकाशाकडे बघत होते. तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही. सेन्सेईंनी चॉपस्टिक्स नीट जोडून ठेवल्या, चान्थूकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. ते उठले आणि एका विद्यार्थ्याला म्हणाले, वरून यंत्र घेऊन या.

त्या काठावर वर्षानुवर्षं लोक चुली मांडत आलेत. मातीत कोळसा, तारा, बिअरची बुचं, बांबूच्या झुडपांची मुळं. यंत्राबरोबर आणलेले दोन नकली सुरुंग आम्ही जुन्या चुलीच्या जागी पुरले. शेजारच्या चुलीवरचे आजोबा विचारून गेले की अंगठी हरवली का. हो म्हटलं असतं तर सगळा काठ शोधायला लागला असता, म्हणून मी खरं काय ते सांगितलं. तर ते सगळे वाडगे घेऊन बघायला आले.

यंत्र सुरुंगाच्या बरोब्बर वर आलं. पडद्यावर काही नव्हतं. पांढरा स्वच्छ पडदा, आत्ताच पुसलेल्या फळ्यासारखा. चान्थूने खाली वाकून त्या जागेवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. तिच्या गावात त्या पडद्यावर विश्वास ठेवून कुणीतरी तिथे पाय ठेवला असता.

कारण थोड्या वेळात सापडलं. चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बारीकसारीक ठिपके पुसून टाकायची एक पायरी होती. चाळलेल्या मातीत पुसायला काही नव्हतंच. इथे मुळांनी आणि दगडांनी सुरुंगाचं चित्र तुकडे तुकडे झालं, आणि त्या पायरीने कचऱ्याबरोबर सुरुंगही पुसला.

सेन्सेईंनी यंत्र बंद करून विद्यार्थ्याच्या हातात दिलं. मला वाटलं, आता माझी टोकियोची तिकिटं आजचीच निघणार. त्यांनी पातेल्यातून स्वतः एक वाडगा वाढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वै-सान, खा. मग आपल्याला पुष्कळ घाण लागणार आहे."

तिसरा दिवस, कचरा

जपानात घाण मिळवणं किती अवघड असतं हे मला सोमवारी कळलं. इथे कचऱ्याचे वार असतात, जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, आणि चुकीच्या वारी चुकीची पिशवी ठेवली तर ती चिठ्ठी लावून परत येते. फुनाबोरीत आमची पहिल्या महिन्यात तीनदा परत आली होती. आता इथे न जळणारा कचरा मातीत पुरायचा म्हणजे नियमात कुठे बसतो यावर विद्यापीठाच्या स्वच्छता विभागाच्या बाईंनी सेन्सेईंची चांगली उलटतपासणी घेतली. शेवटी तो कचरा नसून उपकरण आहे असं ठरलं आणि त्यांनीच खिळ्यांचा एक डबा आणून दिला.

मग जी धमाल उडाली ती काय सांगू. नदीकाठची माती पोत्यांनी आली. डोंगरातून मुळं आली. विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनबाहेरून बाटल्यांची बुचं गोळा करून आणत होते आणि एरवी चमचा खाली पडला तरी माफी मागणारी ती मुलं हौदात मुठी भरभरून बुचं फेकत होती. सेन्सेई पँटच्या दुमडी गुडघ्यापर्यंत वर करून माती तुडवत होते. चान्थू काठावर बसून सांगत होती, अजून टाका, एवढ्याने आमचं गाव होत नाही. इतकी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

मी ती पुसायची पायरी काढून टाकली. पडदा बघून इशिदा-साननी डोळेच मिटले. भाजीवाल्याच्या गोणीचा तळ दिसावा तसं चित्र. ते म्हणाले, यात माणसाला काय दिसणार. पहिल्यांदा चान्थूलाही दिसलं नाही. तिने एका डब्याच्या झाकणाला सुरुंग म्हटलं आणि पुरलेला सुरुंग ओलांडून पुढे गेली. ती चिडली, यंत्र खाली ठेवून पाणी प्यायली.

मी तिला विचारलं, घरी तांदूळ निवडतेस का. हा काय प्रश्न, म्हणाली, रोज. मी म्हटलं, खडा शोधत बसतेस का? आपण तांदूळ बघत जातो, खडा डोळ्याला आपोआप टोचतो. हा पडदा तसा बघ. इशिदा-सान चकित होऊन विचारू लागले, तांदळात खडे असतात? त्यांचा तांदूळ पिशवीतून थेट पातेल्यात जातो. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून पोट धरून हसलो. दुपारनंतर ती संथपणे यंत्र फिरवायला लागली. सेन्सेई शेजारी उकिडवे बसून प्रत्येक ठिकाणी विचारत, इथे काय टोचलं, आणि ती जे सांगे ते चित्रावर खुणेने टिपून घेत. पुढे सॉफ्टवेअर त्या खुणांवरूनच सुधारायचं होतं. संध्याकाळपर्यंत ती झाकणाला झाकण म्हणत होती आणि सुरुंगाला सुरुंग.

चौथा दिवस, निकाल

मंगळवारी सकाळी विद्यार्थ्यांनी चान्थूला बाहेर पाठवून सगळे सुरुंग नव्या जागी पुरले. तिची गाडी दुपारची होती. हौदाभोवती अख्खा विभाग जमला. स्वच्छता विभागाच्या बाईसुद्धा आल्या होत्या.

ती अगदी सावकाश गेली. सापडला की जमिनीवर छोटं लाल निशाण. एक, मग दुसरं, मग तिसरं. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचून तिने यंत्र बंद केलं. विद्यार्थ्यांच्या नकाशाशी निशाणं ताडून पाहिली. सगळे सापडले होते, एक सोडून. तो एका जाड मुळाच्या खाली होता. तरी चिखलमातीत एवढे सापडले म्हटल्यावर लोकांचे हात टाळ्यांसाठी वर आले.

चान्थूने हात उंचावून त्यांना थांबवलं. ती सेन्सेईंसमोर जाऊन उभी राहिली आणि खाली न बघता म्हणाली, "नाही. आज नाही. आमच्या कामात एक राहिला म्हणजे सगळेच राहिले."

दुभाष्या विद्यार्थ्याला ते जपानीत सांगताना घाम फुटला. ती थांबली आणि पुढे म्हणाली, "यंत्र पाठवू नका. यंत्र घेऊन या. माझ्या मातीत बसून दुरुस्त करा."

सेन्सेई वाकले. नुसते मानेने नाही, कमरेतून, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. नंतर मला म्हणाले की कितीतरी मोठमोठ्या पाहुण्यांना त्यांनी हे यंत्र दाखवलं. सगळे छान म्हणून जेवायला गेले. नाही म्हणून घरी बोलावणारी ही पहिलीच. त्या क्षणी मात्र त्यांनी एवढंच विचारलं, कधी. ती म्हणाली, जानेवारीत जमीन कोरडी असते. इशिदा-सान चष्मा पुसत होते. मला इतका आनंद झाला की मी इरासाठी घेतलेला झुंदा-मोचीचा खोका फोडून एकेक समोर येईल त्याच्या हातात ठेवत सुटले.

फुनाबोरी

सेन्सेई खरंच गेले. जानेवारीत आणि फेब्रुवारीतही. मला सुट्टी मिळाली नाही. मी आणि इशिदा-सान टोकियोत बसून त्यांनी पाठवलेली चित्रं पाहायचो आणि सॉफ्टवेअर बदलून परत पाठवायचो. इशिदा-सान आता घाणेरडं चित्र आलं की खूश होतात. मुळाखालचा सुरुंग दिसायला बरेच दिवस लागले. एकही राहत नाही ना, हे चान्थूने पुन:पुन्हा करून पाहिलं, दुसऱ्यांकडून करवून पाहिलं, मग होकार दिला आणि तुकडी पटांगणात उतरली.

मार्चअखेरीस एका दुपारी तिचा फोन आला. इराच्या शाळेला सुट्टी होती, ती मांडीवर डोकं ठेवून लोळत होती. फोनमध्ये नुसता गोंगाट. किंचाळणं, धावणं, कुणीतरी कुणालातरी हाका मारतंय. चान्थू काहीतरी बोलत होती ते मला ऐकूच येईना. इराने कान जवळ आणला आणि विचारलं, "ऊंदोकाई?" ऊंदोकाई म्हणजे इथल्या शाळांचा क्रीडामहोत्सव, वर्षातून एकदा येणारा. मी चान्थूला विचारलं, आज शाळेत खेळांचा दिवस आहे का.

"नाही गं," ती ओरडून म्हणाली, "घंटा कधीचीच झाली. मास्तर काठी घेऊन उभे आहेत. पटांगण सोडून कुणी वर्गात यायलाच तयार नाही."

मी फोन इराच्या कानाला लावला आणि ती खूप वेळ ऐकत राहिली.